सतराशेला द्या की!

दोन हजार रुपयांच्या एका घोंगडीचा हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. लोकरीची प्रत, घोंगडीचा आकार आणि गाव बदलले की तेही बदलतील, पण त्यांचे एकमेकांशी असलेले नाते फारसे बदलत नाही. लोकर आणि कताईचे सातशे रुपये. खळ देऊन विणण्याचे सहाशे. पॅकिंग आणि कुरिअरचे दोनशे. ॲपचे कमिशन, फोटो, जाहिरात यांचे दीडशे. परत आलेल्या किंवा वाटेत खराब झालेल्या मालापोटी धरायचे पन्नास. बेरीज सतराशे. विकणाऱ्याच्या हाती उरतात तीनशे.

आता मोबाइलवर निरोप येतो : ‘छान आहे. अठराशेला द्या.’ मागणाऱ्याच्या दृष्टीने ही फक्त दहा टक्क्यांची सूट. विकणाऱ्याच्या वहीत मात्र तीनशेचे शंभर होतात. आधीइतकेच कमवायचे तर एका घोंगडीच्या जागी तीन विकाव्या लागतात. यंत्रावर माल काढणारा हे जमवू शकतो. तो एक पाळी वाढवतो, नगामागे कमी घेतो आणि नगांच्या संख्येवर भरून काढतो. हाताने विणणाऱ्याचा दिवस तिप्पट होत नाही. आणि निरोप ‘सतराशेला द्या की’ असा असेल, तर काहीच उरत नाही.

लोकर विकणारा आपला दर उतरवत नाही. कुरिअरवाला काट्यावर ठेवूनच पैसे घेतो. ॲपचे कमिशन कापूनच रक्कम खात्यात येते. या सगळ्या साखळीत वाकणाऱ्या जागा दोनच : विकणाऱ्याचे तीनशे आणि विणणाऱ्याचे सहाशे. चार-सहा गिऱ्हाइकांना सूट देऊन झाली की विकणारा मागाकडे जातो आणि म्हणतो, ‘काका, बाजार मंदा आहे, या खेपेला साडेपाचशेत बघा.’ पुण्या-मुंबईत सोफ्यावर बसून केलेली घासाघीस अशी फिरत फिरत सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या खड्डा मागापर्यंत पोचते. ती कुठे पोचली हे करणाऱ्याला कधीच कळत नाही, आणि बहुतेक वेळा त्याच्या मनात तसे करायचेही नसते.

सोलापूर जिल्ह्यात घोंगडी ही सणावाराची, देवाची आणि रोजच्या अंथरुणाचीही वस्तू आहे. मंगळवेढे तालुक्यातल्या हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते ती ऐन दिवाळीच्या अमावास्येला. पालख्यांची भेट होते आणि भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. ही लोकर दख्खनी मेंढीची, आखूड, जाड आणि बरीचशी काळी. ती धुवायची, पिंजायची, कातायची, ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मग खड्ड्यात पाय सोडून विणायला बसायचे. मेंढ्या धनगरांच्या आणि विणकाम प्रामुख्याने सणगरांचे, अशी ही जुनी वाटणी. सैन्यासाठी होणारी जाड कांबळ्यांची खरेदी आटली, स्वस्त कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे गावोगाव आली आणि दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरलेली लोकर टाकून देण्याची वेळ दख्खनच्या पठारावर अनेक मेंढपाळांवर आली. अशा काळात इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲपवरून घोंगडी पुन्हा मागितली जाऊ लागली, ही मोठीच गोष्ट आहे. योगाच्या आसनासाठी, पाठदुखीसाठी, पाळण्यात घालायला, परदेशातल्या लेकीला पाठवायला. गिऱ्हाईक परत आले आणि येताना घासाघीस घेऊन आले.

घासाघीस मुळात वाईट नाही. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, मंगळवार बाजारात, पंढरपुरात वारीच्या दिवसांत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पण तिथे वस्तू हातात असते. गिऱ्हाईक घोंगडी दुमडून वजन अजमावते, कड ओढून बघते, उन्हात धरते. विकणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, पायातल्या चपला दिसतात, सोबतची लेकरे दिसतात. ‘काय कमी-जास्त करा की’ म्हटले की तो पन्नास उतरवतो, गिऱ्हाईक निघून जायचे सोंग करते, तो हाक मारतो आणि दहा मिनिटांत सौदा मिटतो. त्या बोलण्याला सुरुवात असते तसा शेवटही असतो.

मोबाइलवर तो शेवटच नसतो. एकच निरोप पाच विक्रेत्यांना जातो. पाचही जण आकार सांगतात, फोटो काढतात, उलटसुलट बाजूचा व्हिडिओ पाठवतात. मग येतो तो स्क्रीनशॉट : ‘हेच दुसरीकडे अकराशेला आहे.’ हातमालाच्या ऑनलाइन धंद्यातला खरा पेच या स्क्रीनशॉटमध्ये आहे. फोटोत लोकर आणि पॉलिस्टर सारखेच काळे दिसतात. फोटोला वजन नसते, वास नसतो, तो टोचतही नाही. दोन वस्तू गिऱ्हाइकाला एकच वाटत असतील, तर त्यातली स्वस्त मागणे हा त्याचा शहाणपणा आहे. त्याला कंजूष म्हणून राग धरण्यात अर्थ नाही. त्याला फरक दिसलेला नाही, एवढेच खरे.

सोलापूरकरांना तर हा फरक दाखवणे दुप्पट अवघड जाते आणि त्याचे कारण या शहराच्या सगळ्यात नावाजलेल्या वस्तूत आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना २००५-०६ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात असा मान सर्वांत आधी मिळालेल्या वस्तू त्याच. मूळची हातमागावरची ही चादर आज बहुतांश यंत्रमागावर, जेकार्ड लावून विणली जाते. तिचे मोठेपण वेगळे आहे : ती टिकते, धुवून धुवून मऊ होते आणि गरिबाच्या घरात परवडते. लग्नात द्यायला, वसतिगृहात जाणाऱ्या पोराच्या ट्रंकेत घालायला ती महाराष्ट्रभर गेली. पण त्यामुळे ‘सोलापुरी’ म्हणजे ‘स्वस्त आणि मस्त’ हे समीकरण पक्के झाले. मानांकन मिळालेली वस्तू हाताचीच असते, हा समजही रूढ झाला. मानांकन सांगते ते वस्तूचे गाव आणि तिची ओळख; माग हाताचा की विजेचा, हे ओळखायला वेगळी खूण लागते. मग त्याच शहरातला कुणी हातमागावरचे वॉल हँगिंग तीन हजारांना दाखवू लागला की गिऱ्हाईक चमकते : ‘सोलापुरी असून एवढे महाग?’

ही हातमागावरची वॉल हँगिंग म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागाची खास कला. गणपती, मोर, नक्षी, माणसांचे चेहरेसुद्धा सुतातून उभे करणारे कारागीर इथे होते आणि थोडे अजून आहेत. पूर्व भागातल्या पेठांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती वाढली ती तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या होत आलेल्या स्थलांतरातून. गिरण्यांचे शहर म्हणून सोलापूरचा इतिहास १८७७ च्या जुन्या गिरणीपासून सांगितला जातो. पण गिरण्यांच्या भोंग्यांबरोबरच घराघरात आणि कारखान्यांत हातमाग चालत होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ मध्ये आर. जी. काकडे यांनी केलेली सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. इतक्या जुन्या काळीही हा विषय अभ्यासकांना महत्त्वाचा वाटत होता. कारखानदार सूत द्यायचा, विणकर नगावर मजुरी घ्यायचा आणि बायका-पोरे घरी कांड्या भरायची. माल पडून राहिला किंवा भाव पडला की फटका नगाच्या मजुरीला. म्हणजे गिऱ्हाइकाची घासाघीस मागापर्यंत उतरण्याची ही वाट ॲप येण्याच्या कितीतरी आधी मळलेली होती. ॲपने ती फक्त वेगवान केली.

आजची स्थिती देशाच्या पातळीवर चौथ्या हातमाग गणनेने मोजली आहे. २०१९-२० च्या या गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार आढळले, त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कुटुंबांचे महिन्याचे उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत. ‘थोडे कमी करा’ हे थोडे कुणाच्या पाच हजारांतून कमी होते, ते या आकड्यावरून कळावे.

तरीही ‘गरीब विणकराला मदत करा’ असे लिहून वस्तू विकणाऱ्यांना एक स्पष्ट इशारा द्यायला हवा. दयेवर विकलेल्या मालाला दयेचाच भाव येतो. गिऱ्हाईक एकदा मदत म्हणून घेते. दुसऱ्यांदा त्याला वाटते, मदत करून झाली. शिवाय ज्याच्या हातात पिढीजात कसब आहे, त्याला जाहिरातीत हात पसरलेला दाखवणे हा त्याचा अपमान आहे. त्याच्यासाठी मागायची ती कामाची किंमत.

मग गिऱ्हाइकाला फरक दाखवायचा कसा? मानसशास्त्रातला एक प्रयोग इथे कामी येतो. २००४ मध्ये जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एकच कविता वाचायला दिली. काहींना सांगितले, ती चार तासांत लिहिली. काहींना सांगितले, अठरा तास लागले. अठरा तासांची कविता वाचणाऱ्यांनी तिला जास्त गुण दिले आणि तिची किंमतही जास्त धरली. पुढे २०१५ मध्ये क्रिस्टोफ फुक्स, मार्टिन श्रायर आणि स्टाइन व्हॅन ओसेलेअर यांनी दाखवून दिले की हाताने केलेल्या वस्तूसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार होतात, विशेषतः ती जवळच्या माणसाला भेट द्यायची असेल तेव्हा. कारण त्या वस्तूत करणाऱ्याचे प्रेम उतरले आहे असे त्यांना वाटते. दिवाळीच्या तोंडावर धंदा करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. लागलेली मेहनत गिऱ्हाइकाला दिसली, तर भावावरचे बोलणे बदलते.

पण दिसली पाहिजे. ‘शंभर टक्के हँडमेड’ हे तीन शब्द आता कुणीही लिहितो, त्यामुळे त्यांचा काही उपयोग उरलेला नाही. उपयोगी पडतात ते तपशील. घोंगडीचे वजन किती, लांबी-रुंदी किती, लोकर कुठल्या मेंढीची, मिसळ आहे का, विणायला किती दिवस लागले, कुठल्या गावात. एक धागा जाळून दाखवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पानभर मजकुराहून जास्त काम करतो : लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते; पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. वास व्हिडिओतून येत नाही, पण राख आणि मणी दिसतात. स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला हा व्हिडिओ पाठवावा आणि एवढेच म्हणावे, ‘ताई, त्या वस्तूचेही वजन आणि धागा विचारून घ्या, मग ठरवा.’ भांडण नाही, टोमणा नाही. पैठणीवाल्यांकडे अशीच खूण आहे : हाताने विणलेल्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागच्या बाजूची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. येवल्याचा विक्रेता पदर उलटा करून दाखवतो, तेव्हा तो भावाचेच समर्थन करत असतो.

विकणाऱ्यांच्या बाजूनेही एक मोठी चूक सर्रास होते, ती म्हणजे किंमत लपवणे. सुंदर फोटो, खाली पन्नास जणांचा प्रश्न ‘किंमत?’, आणि उत्तर ‘इनबॉक्स केले आहे’. गिऱ्हाईक यातून जे समजायचे ते समजते : भाव माणूस बघून ठरतो. मग तेही आपला भाव सांगणारच. किंमत उघड लिहिली, कुरिअरसह लिहिली आणि सगळ्यांना तीच ठेवली, की घासाघिशीची अर्धी जागा तिथेच संपते. २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमही विक्रेत्याकडून हीच अपेक्षा करतात की एकूण किंमत आणि तिची फोड गिऱ्हाइकाला आधी दिसावी. दुसरी खोट म्हणजे फुगवलेली छापील किंमत : चार हजार खोडून दोन हजार. हातमालाने हा खेळ खेळू नये. चार हजारांचे दोन हजार करणारा विक्रेता आपण होऊन सांगत असतो की आकड्याला अर्थ नाही. मग गिऱ्हाइकाने पंधराशे म्हटले तर त्याचे काय चुकले? ‘फक्त आजच’, ‘शेवटचे दोन नग’ अशा खोट्या घाईला तर केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीतच घातले आहे.

एकच भाव ही कल्पना दुकानदारीत तशी अलीकडची. पॅरिसमध्ये अरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ या दुकानात चिठ्ठीवर लिहिलेल्या ठरल्या भावाने माल विकण्याची पद्धत रुळवली. आपल्याकडे हाताच्या मालाला ठरलेला भाव लावण्याची धडपड त्याहून खोल कारणाने झाली आणि ती महाराष्ट्राच्या मातीत झाली.

१९३५ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला अखिल भारत चरखा संघाने ठराव केला की खादीच्या कामात राबणाऱ्या प्रत्येकाला आठ तासांच्या चांगल्या कामाबद्दल निदान पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे. तोपर्यंत खादी स्वस्त करण्यावर भर होता आणि ती स्वस्त होत होती ती कातणारणींच्या मजुरीतून. गांधीजींनी तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांना आठ आणे, हे ध्येय समोर ठेवले. ते गाठता आले नाही, पण मजुरी वाढली आणि खादी महागली. विक्री बसेल ही भीती कार्यकर्त्यांनीच बोलून दाखवली होती; गिऱ्हाईक देशभक्त असले तरी त्याचा खिसा वेगळा विचार करतो, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ठराव मागे घेतला नाही. आज एखादी बाई व्हॉट्सॲपवर ‘माफ करा दादा, यात कमी होणार नाही’ असे टाइप करते, तेव्हा ती नकळत त्याच ठरावाच्या बाजूने उभी असते. फरक इतकाच की तिच्यामागे संघ नाही, आश्रम नाही. महिन्याचा हप्ता आहे.

म्हणून ‘कमी होणार नाही’ म्हणण्याची रीतही शिकून घ्यावी लागते. अनुभवी विक्रेते भाव उतरवत नाहीत, वस्तू बदलतात. दोन हजार जास्त वाटतात? लहान आसन आहे, साडेसातशेला. दोन घेणार? दोन्ही एकाच खोक्यात जातील, कुरिअरचा जो खर्च वाचेल तो तुमचा. ही सूट खरी आहे, कारण ती वाचलेल्या खर्चातून दिली जाते, कुणाच्या मजुरीतून नाही. ‘फ्री डिलिव्हरी द्या’ ही मागणी म्हणजेही भाव पाडणेच, हे ओळखायला हवे. कुरिअर कंपन्या नुसते वजन बघत नाहीत; खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाच्या किलोंपेक्षा मोठा असेल तर त्यावर पैसे लावतात. फुगीर घोंगडी किंवा काठीसह पाठवायचे वॉल हँगिंग यात हमखास सापडते. हा हिशेब गिऱ्हाइकाला एका ओळीत सांगितला तर बहुतेकांना पटतो.

सांगून करून घेतलेल्या मालाची गोष्ट आणखी नाजूक. नावासह, फोटोवरून, विशिष्ट रंगात विणून दिलेले वॉल हँगिंग परत आले तर ते दुसऱ्याला विकता येत नाही. त्यासाठी निम्मी रक्कम आधी घेणे, ती परत मिळणार नाही हे लिहून कळवणे आणि मगच मागावर ताणा चढवणे, हा नियम कुणाच्याही भिडेखातर मोडू नये. नातेवाईक आणि ओळखीचे लोक इथे सर्वांत कठीण असतात. ‘आपल्या माणसाला काय भाव लावता?’ या प्रश्नावर भल्याभल्यांची जीभ अडखळते. पैसे आल्यावर पाठवायचे की पोचल्यावर घ्यायचे, यातही तोच धडा : माल दारात जातो, घेणारा ऐन वेळी ‘शंभर कमी करा नाहीतर परत न्या’ म्हणतो आणि परतीचे भाडे विकणाऱ्यावर पडते. नवख्या गिऱ्हाइकाकडून थोडी आगाऊ रक्कम यूपीआयने घेतली की हा प्रकार बराच आटोक्यात येतो.

आणि गिऱ्हाईक बरोबर असते तेव्हा? तेही घडते, आणि वारंवार. यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकणारे ऑनलाइन बाजारात भरपूर आहेत. बाहेरून येणाऱ्या नकली ‘सोलापुरी’ चादरींबद्दल खुद्द सोलापूरचे उत्पादक वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत. अशा बाजारात शंका घेणारे गिऱ्हाईक हा प्रामाणिक विक्रेत्याचा मित्रच मानायला हवा. शंकेला उत्तर म्हणून २००६ पासून हातमाग चिन्ह, म्हणजे हँडलूम मार्क, उपलब्ध आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियाहँडमेड’ संकेतस्थळावर विणकर आणि कारागिरांना कमिशन न देता थेट विकता येते. खासगी ॲपवर महासेलच्या दिवसांत सगळ्यांबरोबर भाव पाडण्याचा जो दबाव येतो, त्याला हा एक पर्याय आहे. पण खूण असून भागत नाही. ती फोटोत ठळक दिसली पाहिजे आणि तिचा अर्थ दोन वाक्यांत सांगता आला पाहिजे.

एक प्रश्न मात्र विकणाऱ्यांनी स्वतःला विचारायचा आहे आणि तो या सगळ्यात अवघड आहे. दोन हजारांचा भाव टिकवून धरला, समजा उद्या बावीसशे केला, तर वरचे दोनशे मागापर्यंत जातात का? गिऱ्हाइकाला विणकराचे कारण सांगायचे आणि विणकराला गिऱ्हाइकाचे, हे दुतोंडी वागणे या धंद्यात नवे नाही. यावर एक साधा उपाय करून बघण्यासारखा आहे. घोंगडीबरोबर जाणाऱ्या पावतीवर विणाईची मजुरी वेगळ्या ओळीत छापावी : लोकर व कताई इतके, खळ व विणाई इतके, पाठवणी इतकी, दुकानाचे इतके. हीच पावती विणणाऱ्यालाही द्यावी, त्याला वाचता येईल त्या भाषेत; सोलापुरात ती मराठीइतकीच तेलुगू किंवा कन्नड असू शकते. मग ‘सतराशेला द्या की’ म्हणणाऱ्याला कुठल्या ओळीतले तीनशे खोडायचे, हे त्याच्याकडूनच विचारून घेता येईल, आणि मजुरीची ओळ गेल्या वर्षीएवढीच राहिली असेल तर विणकरालाही दुकानदाराला तोच प्रश्न विचारता येईल.